पुसलेली रेघ

परगावी नोकरी करणाऱ्या मनुष्यास नकाशाचा नाद जडतो, हे आम्ही स्वानुभवाने सांगू शकतो. रात्री जेवणे आटोपली, मुले निजली, की संगणक उघडावा आणि आपले गाव पाहावे, हा आमचा गेल्या आठ वर्षांचा परिपाठ आहे. आरंभी सबंध देश दिसतो, मग कृष्णेचे वळण, मग गावाबाहेरची पांद, आणि अखेरीस आमच्या थोरल्या चुलत्यांच्या परसातील चिंचेची काळसर सावली. येथील वाचकांपैकी कोणी भोपाळास असतील, कोणी कोलकात्यास, कोणी थेट शिलाँगला. त्यांतील पुष्कळांना ही खोड असणार, आणि ती कबूल करावयास आमच्याइतकाच संकोचही वाटत असणार.

गेल्या दिवाळीच्या सुमारास ती सावली नाहीशी झाली. चुलतभावास दूरध्वनी केला तेव्हा कळले की, झाड पाडून दोन वर्षे होऊन गेली. म्हणजे दोन वर्षे आम्ही नसलेल्या झाडाची सावली पाहत होतो, आणि आता कोठे नकाशा खरा झाला होता. खऱ्याबद्दल तक्रार कसली करावयाची? तरीही मनात एक प्रश्न राहिलाच. ते जुने चित्र गेले कोठे, आणि ते पुसण्याचा अधिकार कोणाचा? झाडापुरता हा प्रश्न भावुकपणाचा म्हणून आम्ही सोडूनही दिला असता. परंतु हाच प्रश्न त्यापूर्वी एकदा कचेरीत आमच्या मेजावर येऊन पडला होता, आणि तेथे त्यात भावुकपणा मुळीच नव्हता.

ती हकीकत सांगण्यापूर्वी नकाशा आपल्या पडद्यावर येतो कसा, हे थोडे सांगणे अवश्य आहे. कारण नैतिक प्रश्नांची मुळे पुष्कळदा वस्तूच्या घडणीतच असतात. कागदाचा नकाशा एका ठिकाणी असे. तो गुंडाळून कपाटात ठेवीत, आणि पाहावयाचा तर सबंध उलगडावा लागे. संगणक आल्यावरही प्रथम प्रथम नकाशा देणारे यंत्र आणि नकाशा ठेवण्याचे ठिकाण एकाच खोलीत असे. आता तसे राहिलेले नाही. नकाशे 'क्लाउड'मध्ये असतात. नाव ढगाचे असले तरी वस्तुतः ते दूर कोठेतरी जमिनीवरच, भाड्याने घेतलेल्या प्रचंड कोठारात असतात. ॲमेझॉन कंपनीने असे कोठार 2006 च्या मार्च महिन्यात लोकांस भाड्याने द्यावयास आरंभ केला. पुढे इतर कंपन्यांनी तेच केले, आणि आपल्या सरकारचीही 'मेघराज' या नावाची क्लाउड-योजना आहे. कोठाराच्या या प्रकारास 'ऑब्जेक्ट स्टोरेज' म्हणतात. त्याची रचना कारकुनी पेशाच्या मनुष्यास मोठी चमत्कारिक वाटते. तेथे कपाट नाही, खण नाही, फाइलीच्या पोटात फाईल नाही. एक नाव, आणि त्या नावाची एक वस्तू, एवढाच कारभार. नावात तिरप्या रेघा घालून जिल्हा, तालुका, गाव अशी उतरंड लिहिता येते खरी, पण ती निव्वळ नावातील अक्षरे असतात. कोठारास तालुका ठाऊक नसतो. या वस्तू ज्या भांड्यात ठेवितात त्यास 'बकेट' म्हणजे बादली असे म्हणतात. हा शब्द ज्याने योजिला त्याने अभिलेख कक्षात महिनाभर बसून काम केले असते, तर तो त्यास सुचता ना.

दुसरा विशेष याहून महत्त्वाचा आहे. या कोठारातील वस्तूत खाडाखोड करिता येत नाही. एक रेघ बदलावयाची झाली तरी सबंध नवी वस्तू त्याच नावाने ठेवावी लागते. जुनीच्या जागी नवी येऊन बसते, आणि मुद्दाम निराळी योजना केलेली नसेल तर जुनी नाहीशी होते.

मग इतक्या दूरच्या कोठारातून नकाशा क्षणात येतो कसा? सबंध असा तो येतच नाही. पडद्यावरील नकाशा लहान लहान चौकोनांचा जुळविलेला असतो. बहुधा 256 ठिपके लांब आणि तितकेच रुंद असे हे चौकोन असतात. सगळी पृथ्वी आरंभी एकाच चौकोनात बसविली असे धरले, तर जवळ जाण्याच्या प्रत्येक पायरीस चौकोन चौपट होत जातात, आणि अठराव्या पायरीस त्यांची संख्या 6871 कोटींच्या वर जाते. एवढे सारे आधीच काढून ठेवणे सहसा परवडत नाही. म्हणून नकाशा देणारे यंत्र मागणी येईल तेव्हा कोठारास विचारते, 'अमुक वस्तूतील अमुक बाइटपासून अमुक बाइटपर्यंत एवढेच दे.' चित्राची मांडणीही त्यासाठी तशीच करितात. आरंभी अनुक्रमणिका, मग चौकोनांत विभागलेले चित्र, आणि दुरून पाहणाऱ्यासाठी त्याच्याच लहान लहान प्रती. या मांडणीस 'क्लाउड ऑप्टिमाइझ्ड जिओटिफ' असे लांबलचक नाव असून 2023 साली तिला आंतरराष्ट्रीय प्रमाण म्हणून मान्यता मिळाली. पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल वाचकांनी पाहिले नसले तरी ऐकून माहीत असतील. रुमाल न सोडता, गाठीच्या फटीतून नेमका हवा तोच कागद ओढून काढावा, तसा हा प्रकार आहे. एकदा काढून दिलेला चौकोन यंत्र काही काळ आपल्यापाशीही ठेवून देते, म्हणजे पुन्हा कोणी तोच मागितला तर कोठारापर्यंत हेलपाटा पडावयास नको. ही शेवटची गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी.

आता कचेरीतील हकीकत. कचेरीचे गाव व खाते सांगण्याचे प्रयोजन नाही. नदीकाठच्या जमिनी कोणत्या आणि नदीचे पात्र कोठवर, हे दाखविणारा एक नकाशा आमच्याकडून लोकांस पाहावयास मिळे, आणि पुराच्या नुकसानभरपाईचे अर्ज त्याच्याशी ताडून पाहत. 2023 च्या पावसाळ्यानंतर एक वृद्ध शेतकरी आमच्या मेजापाशी आले. त्यांचा अर्ज परत आला होता. त्यांचे शेत नदीपात्रात मोडते आणि पात्रातील पिकास भरपाई नाही, असा शेरा त्यावर होता. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून चार घड्या घातलेला एक कागद काढिला. पाच महिन्यांपूर्वी बाजारातील एका दुकानात दहा रुपये देऊन त्यांनी आमच्याच नकाशाची ही प्रत छापून घेतली होती. तीत पात्राची निळी रेघ त्यांच्या बांधाच्या पलीकडे होती. आम्ही पडद्यावर पाहिले. तेथे रेघ बांधाच्या अलीकडे होती.

'बाबूजी,' त्यांनी विचारिले, 'नदी सरकली की रेघ सरकली?'

आम्ही त्यांस म्हणालो, 'बाबा, आमच्याकडे असा नकाशाच नाही.' हे वाक्य आम्ही कोणास फसविण्यासाठी बोललो नाही. पडद्यावर जे दिसत होते त्यावरून बोललो. परंतु त्या क्षणी त्या वृद्धांच्या चेहऱ्यावर जो भाव उमटला तो रागाचा नव्हता. आपल्या हातातील कागद खोटा तर नाही ना, अशी स्वतःविषयीच शंका आलेल्या मनुष्याचा तो चेहरा होता. खऱ्या मनुष्यास स्वतःच्या खरेपणाविषयी शंका घ्यावयास लावणे यासारखा दुसरा अन्याय नाही, असे आम्हांस तेव्हा वाटले आणि अद्यापही वाटते.

चौकशी करिता समजले ते असे. जुलै महिन्यात नवी छायाचित्रे आली, त्यांवरून पात्राची रेघ नव्याने आखिली गेली, आणि नवा नकाशा जुन्याच नावाने कोठारात ठेविला गेला. नाव तेच ठेवावयाचे कारणही साधे होते. नाव बदलले असते तर ज्या ज्या ठिकाणी तो नकाशा जोडलेला होता त्या सर्व ठिकाणी फेरबदल करावे लागले असते. जुनी आवृत्ती राखून ठेवण्याची सोय त्या कोठारात होती, परंतु ती आपण होऊन चालू नसते, चालू करावी लागते. ती कोणी केलेली नव्हती.

याच वेळी एक विलक्षण गोष्ट घडली. आम्ही नकाशा एक पायरी जवळ आणला, तो निळी रेघ मध्येच तुटली. डावीकडील चौकोनात ती बांधाच्या पलीकडे होती, उजवीकडील चौकोनात अलीकडे. डावा चौकोन यंत्राने आपल्यापाशी साठवून ठेविलेला जुना होता, आणि उजवा नुकताच कोठारातून आलेला होता. म्हाताऱ्या बाबांनी डाव्या चौकोनावर बोट ठेविले आणि म्हणाले, 'ही माझी रेघ.' आम्ही तातडीने यंत्राची देखरेख करणाऱ्या तरुणास बोलाविले. मुलगा कामास चोख. त्याने रेघ तुटलेली पाहिली, 'जुने चौकोन साचून राहिले आहेत,' असे म्हटले, आणि आमच्यासमक्ष दोन मिनिटांत ते सारे झाडून टाकिले. रेघ सलग झाली. ती सगळीच बांधाच्या अलीकडे होती. त्या तरुणाने दोष दुरुस्त केला होता, आणि त्या दुरुस्तीबरोबर एकुलता एक साक्षीदार नाहीसा झाला होता. पडद्याचे चित्र टिपून ठेवावे, हे त्या दोन मिनिटांत आम्हांस सुचले नाही. ही चूक आमची, आणि ती दुसऱ्या कोणावर ढकलता येण्यासारखी नाही.

पुढे त्या अर्जावर आमच्याकडे अभिप्राय मागण्यात आला. 'अर्जदाराने सादर केलेला नकाशा या कार्यालयाच्या अभिलेखात नाही,' असे एक वाक्य लिहून मोकळे होता आले असते. वाक्यात खोटे अक्षर नव्हते. आम्ही पाऊण तास त्या वाक्याकडे पाहत बसलो, आणि शेवटी त्यात एक शब्द घातला: 'सध्या'. 'सध्या या कार्यालयाच्या अभिलेखात नाही.' त्या वेळी आम्हांस वाटले की, आपण सत्य राखिले. घरी जाताना बसमध्ये धर्मराजाची आठवण झाली. त्याचेही वाक्य अक्षरशः खरे होते. आणि तोवर जमिनीपासून चार बोटे वर चालणारा त्याचा रथ त्या वाक्यानंतर खाली टेकला. आमचा रथ कधी वर नव्हताच, ही गोष्ट निराळी.

या प्रसंगात मूळ तात्त्विक प्रश्न आहे तो ओळखीचा. आपल्याकडील दर्शनकारांनी प्रत्यभिज्ञेची पुष्कळ चर्चा केलेली आहे. पूर्वी पाहिलेला देवदत्त पुन्हा भेटला म्हणजे 'तोच हा देवदत्त' असे आपण म्हणतो. तो 'तोच' कशावरून? बौद्धांनी दिव्याच्या ज्योतीचा दाखला दिला: रात्रभर एकच ज्योत जळताना दिसते, पण क्षणाक्षणाला ती निराळी असते. हा वाद देवदत्ताविषयी आणि ज्योतीविषयी होता तोवर तो पंडितांचा होता. आता तो अर्जदाराचा झाला आहे. नकाशा म्हणजे ते नाव, की त्या नावाखाली ठेविलेली वस्तू? नाव म्हणजेच नकाशा असे कचेरीने म्हटले, तर मे महिन्यात जे सांगितले त्याच्या उलट तीच कचेरी ऑगस्टात सांगते, हे तिला कबूल करावे लागेल. वस्तू म्हणजे नकाशा असे म्हटले, तर एक नकाशा आपण नष्ट केला हे कबूल करावे लागेल. दोहोंपैकी एक कबुली देणे भाग आहे. प्रत्यक्षात आपण दोन्ही टाळतो. भरवसा ठेवावयास सांगताना नाव पुढे करितो, आणि जाब विचारिला की वस्तू पुढे करितो.

यंत्राची वागणूक या बाबतीत आपल्याहून सचोटीची आहे, हे सांगताना आम्हांस मौज वाटते. यंत्र नावावर विश्वास ठेवीत नाही. कोठारातील प्रत्येक वस्तूबरोबर तिच्या त्या आवृत्तीची खूण सांगणारा एक ठसा असतो. वस्तू बदलली की ठसा बदलतो. नकाशा तुकड्यातुकड्यांनी वाचावयाचा असल्यामुळे मध्येच घोटाळा होण्याचा संभव असतो. अनुक्रमणिका जुन्या वस्तूची वाचली, आणि तुकडा मागेपर्यंत तिच्या जागी नवी वस्तू आली, तर जुन्या अनुक्रमणिकेने नव्या चित्रातील भलताच भाग हाती येईल. म्हणून नीट बनविलेले यंत्र कोठारास अट घालते की, 'पूर्वीचाच ठसा असेल तर दे, नसेल तर तसे सांग.' एका यंत्राने दुसऱ्या यंत्राकडून एवढे मागून घेतले आहे. दहा रुपये देऊन नकाशा छापून घेणाऱ्या मनुष्याच्या कागदावर मात्र ना ठसा होता, ना आवृत्ती, ना तारीख. कोपऱ्यात दुकानदाराचा फोन क्रमांक तेवढा होता.

कोठाराच्या भरवशाविषयी लोक बोलतात ते बहुधा नाशाच्या भीतीने. ती भीती आता फारशी खरी नाही. ॲमेझॉनच्या कोठाराचे असे सांगणे आहे की, एक कोटी वस्तू ठेविल्या तर सरासरीने दहा हजार वर्षांत एक गहाळ होईल. 28 फेब्रुवारी 2017 रोजी त्यांच्या एका मनुष्याच्या हातून आज्ञा देताना चूक झाली आणि अमेरिकेतील एक मोठे कोठार सुमारे चार तास बंद पडले. जगभरची शेकडो कामे खोळंबली, पण कोठार पुन्हा उघडले. वाळवी, ओल, आग यांपासून पूर्वीच्या कोणत्याही दप्तरखान्यास मिळाले नव्हते इतके संरक्षण येथे आहे. परंतु हे वचन नाशाविरुद्ध आहे, पुसण्याविरुद्ध नाही. मालकाने 'काढून टाक' किंवा 'याच नावाने हे दुसरे ठेव' असे सांगितले, की निरनिराळ्या ठिकाणी राखलेल्या साऱ्या प्रती एकनिष्ठ सेवकाप्रमाणे तो हुकूम पाळतात. दहा हजार वर्षे टिकणारी वस्तू एका बोटाने जाते. कागदाचे दप्तर जाळावयाचे म्हटले तर निदान धूर तरी होई.

आणि जुना नकाशा चुकीचा ठरला म्हणजे निरुपयोगी ठरला, हा समज तरी कोठे खरा आहे? जेम्स रेनेल याने 1764 पासून बंगालची मोजणी केली आणि 1779 साली त्याचा बंगालचा नकाशासंग्रह निघाला. त्यात तिस्ता नदी दक्षिणेकडे वाहत येऊन गंगेस मिळते. 1787 च्या महापुरात तिस्तेने पात्र सोडले आणि ती ब्रह्मपुत्रेकडे वळली. ब्रह्मपुत्राही त्यापुढील काळात मधुपूरच्या पूर्वेकडील आपला जुना मार्ग टाकून पश्चिमेस सरकली. म्हणजे रेनेलचा नकाशा प्रसिद्ध झाल्यावर आठ वर्षांतच तो खोटा पडावयास लागला. पण नद्या पूर्वी कोठून वाहत होत्या हे सांगावयाचे झाले म्हणजे आजचा अभ्यासक त्या 'खोट्या' नकाशाकडेच जातो. त्याच्याइतका खरा साक्षीदार दुसरा नाही. कल्पना करावी की, रेनेलचा संग्रह एखाद्या बादलीत एका नावाने ठेविलेला होता, आणि 1788 साली कोणा कर्तव्यदक्ष मनुष्याने तो अद्ययावत केला. तिस्ता जणू अनादि काळापासून ब्रह्मपुत्रेसच मिळत आली आहे, असे आपण आज मानीत असतो.

महाराष्ट्रातील जमीनमहसुलाची जुनी पद्धत आमच्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांना ठाऊक आहेच. सातबाऱ्यावरून एखाद्याचे नाव कमी करावयाचे झाले तर तलाठी ते नाव पुसून टाकीत नसे. त्यास कंस करी आणि बाजूस फेरफाराचा क्रमांक लिही. कंसातील नाव वाचता येई. ते का गेले, कोणाच्या अर्जाने गेले, हे फेरफाराच्या वहीत पाहता येई. या व्यवस्थेत लबाडी होत नव्हती असे नाही. आमच्याच आजोबांची दोन गुंठे जमीन एका कंसात गेली ती परत आली नाही. पण ती गेली कशी, हे आजही दाखविता येते. आमच्या आजीने मरेपर्यंत तो क्रमांक तोंडपाठ ठेविला होता. तिला लिहितावाचता येत नव्हते.

आमचे म्हणणे आम्ही कचेरीत बोलून दाखविले तेव्हा दोन आक्षेप निघाले. पहिला खर्चाचा. प्रत्येक जुन्या आवृत्तीचे भाडे पडते, आणि नकाशाची वस्तू लहान नसते. हा आक्षेप आम्हांस फारसा जड वाटला नाही. क्वचित लागणाऱ्या वस्तू स्वस्त भाड्याच्या कोठारात आपोआप हलविण्याची सोय आहे; तेथून त्या काढावयास काही तास लागतात एवढेच. आमच्या कचेरीच्या अभिलेख कक्षातून कागद मिळावयास यापूर्वी कधी काही तास पुरले आहेत, असे स्मरत नाही.

दुसरा आक्षेप आमच्या एका तामिळ सहकाऱ्यांनी काढिला, आणि त्याने आम्हांस काही दिवस झोप नीट लागू दिली नाही. ते म्हणाले, 'तुमच्या म्हाताऱ्याच्या बाजूचा नकाशा जुना होता म्हणून तुम्हांस तो हवा. उलट झाले असते तर? एखाद्या कुटुंबाचे घर जुन्या नकाशात चुकून सरकारी जागेवर दाखविले गेले, पुढे चूक सुधारली, तरी ती जुनी प्रत कोठेतरी राहिली पाहिजे काय? भांडखोर शेजारी ती जन्मभर नाचवीत राहील.' हे खोटे नव्हे. पुसून टाकणे ही काही वेळा दया असते. व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा जो कायदा 2023 साली झाला त्यात आपली माहिती दुरुस्त करून घेण्याचा आणि पुसून घेण्याचा हक्क मान्य केलेला आहे, तो याच जाणिवेतून. मनुष्यास विसरले जाण्याचीही गरज असते. आमच्या आजीला तो क्रमांक विसरता आला असता तर तिचे म्हातारपण अधिक सुखाचे गेले असते, हेही आम्ही जाणतो.

पुष्कळ विचारांती आमचे मत असे झाले की, येथे दोन निराळ्या क्रिया एका शब्दाखाली दडल्या आहेत. चव्हाट्यावरून उतरविणे ही एक, आणि दप्तरातून नाहीसे करणे ही दुसरी. ज्या कोठारात जुन्या आवृत्ती राखण्याची सोय चालू असते, तेथे साधी 'काढून टाक' अशी आज्ञा दिली तर वस्तू नष्ट होत नाही. तिच्यावर केवळ काढल्याची खूण पडते. मागणाऱ्यास ती दिसत नाही, पण अधिकार असलेल्यास ती खूण बाजूस सारून पाहता येते. यंत्र करणाऱ्यांस हा भेद कळला होता. त्या कुटुंबाचा चुकीचा नकाशा लोकांच्या नजरेआड जावा, हे योग्यच. पण उद्या त्याच कुटुंबाने 'त्या नकाशामुळे आमचे कर्ज नाकारले गेले' असा दावा लाविला, तर त्यांस पुरावा कोठून मिळावयाचा? जी कचेरी आपली चूक पुसते ती बहुतेक वेळा दुसऱ्यावर दया करीत नसते, स्वतःवर करीत असते. आमच्या सहकाऱ्यांस हे सर्वस्वी पटले नाही. ते म्हणाले की, पाहण्याचा अधिकार ज्याच्या हाती तो मनुष्य चांगला असेल असे तुम्ही गृहीत धरिता. यास आमच्यापाशी उत्तर नाही.

कायद्याच्या दृष्टीने पाहिले तर प्रश्न नवा नाही. 1993 च्या सार्वजनिक अभिलेख कायद्यात संगणकाने तयार केलेली सामग्रीही अभिलेखात धरलेली आहे. विहित रीतीवाचून अभिलेख नष्ट करण्यास मनाई आहे, आणि ती मोडणारास पाच वर्षांपर्यंत कैद, दहा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. फाइलींची छाटणी करण्यापूर्वी आपण याद्या करितो, सह्या घेतो, हे वाचकांस सांगावयास नको. परंतु त्याच नावाने नवी वस्तू ठेवणे म्हणजे जुनी नष्ट करणे, हे आपल्या मनात येत नाही. कारण त्या क्रियेस आपण 'अद्ययावत करणे' असे मंगल नाव दिले आहे. नकाशे कोठे ठेवावेत याची चर्चा मात्र पुष्कळ होते. 15 फेब्रुवारी 2021 च्या मार्गदर्शक सूचनांनी नकाशे करण्यावरील बरीच बंधने उठविली, आणि आडव्या मोजणीत एक मीटर व उंचीत तीन मीटर यांहून अधिक सूक्ष्म माहिती देशातच ठेविली पाहिजे, असे ठरविले. कोठार आपल्या सीमेच्या आत असावे, याविषयी आम्ही दक्ष झालो, हे चांगले झाले. पण देशातल्या कोठारात देशातल्याच मनुष्याची रेघ पुसली गेली, तर ती कोणत्या सीमेचे उल्लंघन?

जुन्या आवृत्ती राखण्याची सोय चालू करावी, आणि लोकांस मिळणाऱ्या प्रत्येक नकाशावर आवृत्तीची तारीख छापली जावी, असे टिपण आम्ही 2023 च्या डिसेंबरात वर पाठविले. त्यावर 'चर्चा करावी' असा शेरा येऊन ते परत आले. चर्चा झाली, टिपण पुन्हा वर गेले, आणि तारखेची सूचना मान्य झाली. दुसरी सूचना खर्चाच्या अंदाजासाठी दुसऱ्या शाखेकडे गेली, ती अद्याप तेथे आहे. बाबांचा अर्ज फेरविचारासाठी गेला आहे. त्याचाही निकाल लागलेला नाही.

ते पुढच्या मार्चमध्ये पुन्हा आले होते. कागदाची शाई घड्यांवर फिकी होऊ लागली होती, म्हणून त्यांनी त्याची छायाप्रत काढून आणली होती, आणि तीवर 'सत्यप्रत' असा शिक्का मारून द्यावा अशी त्यांची विनंती होती. मूळ ज्याचे अस्तित्वात नाही त्याच्या प्रतीवर तसा शिक्का मारण्याचा अधिकार आम्हांस नव्हता. आणि कोणास असेल असे वाटत नाही. आम्ही छायाप्रतीच्या पाठीवर तारीख घातली, 'हा कागद अर्जदाराने आज आम्हांस दाखविला, आणि यातील रेघेसारखी रेघ आम्ही ऑक्टोबर 2023 मध्ये कचेरीच्या पडद्यावर पाहिली आहे,' असे लिहिले, आणि खाली पूर्ण नावाने सही केली. असे लिहावयास आम्हांस कोणी सांगितले नव्हते. बाबांनी ते आमच्याकडून दोनदा वाचून घेतले, शाई वाळेपर्यंत उभे राहिले, आणि दोन्ही कागद पिशवीत घालून निघून गेले.